आधी तिला विचारा

३ फेब्रुवारी

चि. मुंगी,

अनेक आशीर्वाद. आज तुला आशीर्वाद द्यायची माझी अजिबात इच्छा नाही, पण पत्र असंच सुरू करायचं हे हाताला लागलेलं वळण आहे, म्हणून लिहिलं.

मी हरवले नव्हते. हे सगळ्यात आधी सांगते, कारण गेल्या मंगळवारपासून ज्याला त्याला तेच सांगतेय आणि एकाच्याही डोक्यात शिरत नाही. तुझा बाप शेजारच्या जीपवाल्याला घेऊन चार तास प्रवास करून आला. मी जिथे होते त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि माझा फोटो इस्त्रीवाल्याला, अंडीवाल्याला, सायकलवरून जाणाऱ्याला, दिसेल त्याला दाखवायला लागला. फोटो तरी कुठला? शाळेने मला निरोप दिला तेव्हाचा, हातात पुष्पगुच्छ आणि तोंडावर रडं. "ही माझी बहीण. डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. पाहिलीत का?" अंडीवाल्याने हिरव्या फाटकाकडे बोट केलं. मग दादा दोन्ही हातांनी फाटक बडवत सुटला. "अगं बाहेर ये, घाबरू नकोस, मी आलोय!"

एकसष्ट वर्षांच्या बाईला भावाने भर रस्त्यात दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले. या गावातल्या निम्म्या माणसांच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे. आणि मला हाताला धरून नेतात!

ती गल्ली कशी कळली, असं जीपमध्ये विचारलं तर म्हणाला, "मुंगीने सांगितलं."

मी तिथे काय करत होते ते मी सांगणार नाही. फोन बंद करून रिळांच्या डब्यात टाकलाय आणि तो तिथेच राहणार. काही म्हणायचं असेल तर कागदावर म्हण.

आत्या

८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. रागात लिहितेय, तर सांभाळून घे.

शनिवारपासून मंगळवारपर्यंत बाबांनी तुला एकतीस फोन केले. तुझ्या शेजारणीने सांगितलं की दाराशी दुधाच्या तीन पिशव्या तशाच पडल्यात. गेल्या वर्षी जिन्यात चक्कर येऊन पडलीस ती तूच ना? शेवटी बाबांनी तुझ्या दाराचं कुलूप तोडलं. घर रिकामं, अंथरूण नीट घातलेलं, यंत्रावर अर्धवट शिवलेला फ्रॉक. मग त्यांनी मला फोन केला. आत्या, मी माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा रडताना ऐकलं.

माझं कामच ते आहे. फोन कंपनीच्या तातडीच्या कक्षात आम्ही सहाजण बसतो. पोलिसांचा अर्ज येतो, आम्ही फोन कुठल्या टॉवरांशी बोलतोय त्यावरून जागा काढतो, आणि कळवतो. मागच्या पावसाळ्यात एक आजोबा ओढ्याच्या पात्रात पाय मोडून पडले होते, दोन दिवस. आम्ही शोधले. त्यांची नात ऑफिसात येऊन माझे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. तुझ्या वेळीही सगळं रीतसर झालं. अर्ज आला, मी पाहिलं, कळवलं. आणि तुझ्याकडून आभार तर सोडाच, वर बोलणी!

बाबांना वाटतंय तू कुणाच्या तरी नादी लागली आहेस. मी त्यांना समजावतेय, पण काय समजावू? मलाच काही माहीत नाही.

आणखी एक. त्याच मंगळवारी सकाळी मला शिफ्टची प्रमुख केलं. तू विचारलंसुद्धा नाहीस.

तुझी,
मुंगी

१५ फेब्रुवारी

चि. मुंगी,

दुधाच्या पिशव्यांचं खरं आहे. दूधवाल्याला सांगायला विसरले. तेवढं माझं चुकलं, आणि दादाचा जीव टांगणीला लागला त्याचं मला वाईट वाटतं. शिफ्टची प्रमुख झालीस, आनंद झाला. आनंद पुढच्या पत्रात नीट करू. आज दुसरं सांगायचं आहे.

हे मी मोठ्या बाईंना विचारून लिहितेय. मोठ्या बाई म्हणजे त्या घराच्या प्रमुख. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी नाही म्हटलं असतं. आता हो म्हणाल्या, कारण ते घर आता तिथे नाही.

त्या हिरव्या फाटकामागे अकरा बायका आणि चार मुलं राहत होती. घरी परत जाणं म्हणजे जिवाशी खेळ, अशा बायका. कुणाला नवरा शोधतोय, कुणाला भाऊ, एकीला तर सख्खा बाप. घराला पाटी नाही. पत्ता कुणी कागदावर लिहीत नाही. गल्लीत शिरण्याआधी फोन बंद करायचा, हा पहिला नियम. सहा वर्षं मी आठवड्यातून दोन दिवस तिथे शिवण शिकवायला जातेय, दादाला "मैत्रिणीकडे चालले" सांगून. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही, म्हणून मी कामावरून हाक मारते. कॉलरवाली, खिसेवाली, बटणवाली. त्या शनिवारी स्वयंपाक करणारी तापाने पडली म्हणून मी मुक्काम केला. चार दिवस सकाळी शिवण आणि संध्याकाळी पंधरा माणसांचं जेवण. इतकी दमले आणि इतकी खूश होते की विचारू नकोस.

आणि मग दादाचा आवाज आला.

आत चार यंत्रं चालू होती. चारही एका क्षणी थांबली. मुंगे, त्या फाटकावर पुरुषाचा आवाज म्हणजे काय, ते तुला कसं सांगू? तो माझा भाऊ आहे हे त्यांना कुठे ठाऊक? प्रत्येकीला वाटलं, आपलाच आला. खिसेवाली कपाटात शिरली. मी "अगं, माझा दादा आहे, उंदराला भितो तो!" असं ओरडत होते, पण कुणाच्या कानात जात नव्हतं. गल्ली गोळा झाली होती. गल्लीला कळलं म्हणजे गावाला कळलं. त्याच संध्याकाळी दोन टेम्पो बोलावून घर रिकामं केलं. मुलांची पुस्तकं, भांडी, माझी यंत्रं, सगळं.

पण सगळ्या टेम्पोत बसल्या नाहीत. बटणवाली तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मागच्या दाराने निघून गेली, दादा फाटक वाजवत होता तेव्हाच. मुलीच्या एका पायात चप्पल होती, दुसरी आम्हाला न्हाणीघरात सापडली. त्यानंतर त्या दोघींचा पत्ता नाही.

तुम्ही एक माणूस शोधलंत. त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते पाहिलं नाहीत.

आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्या,

रीतसर काही झालं नव्हतं.

आधी हे वाक्य लिहून मोकळी होते. पोलिसांचा अर्ज आला नव्हता. बाबा पोलिसांकडे गेलेच नव्हते, "बहीण पळाली म्हणून लोक हसतील" म्हणाले. मी जेवायच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर, तुझा नंबर घातला. दोन मिनिटं लागली. गल्ली दिसली, बाबांना फोनवर सांगितली. मग डबा उघडून जेवले.

आणि आत्या, मला अभिमान वाटला होता. सकाळीच बढती मिळालेली, दुपारी आत्या सापडली. वाटलं, घरच्यांच्या कामी आले. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, अर्जाशिवाय कुणाचाही नंबर पाहायचा नाही. त्याच पाटीकडे पाठ करून मी बसते. मला तो नियम परक्या माणसांसाठी आहे असं वाटायचं. घरच्या माणसाला कसला आलाय नियम!

तुझ्या मागच्या पत्रातलं ते चपलेचं वाचल्यापासून मला काही सुचत नाही. रोज नकाशावर टिंबं पाहते. आजवर मला टिंब म्हणजे टिंबच वाटायचं. घर, फाटक, आत बसलेली माणसं हे कधी दिसलंच नाही.

काय करू, सांग.

मुंगी

२४ फेब्रुवारी

चि. मुंगी,

खोटं बोललीस याचा राग आला. आपणहून कबूल केलंस, त्याने निम्मा उतरला. उरलेला निम्मा माझ्यावरच काढावा लागतोय, कारण मीही तुला सगळं सांगितलेलं नाही.

फोन बंद करायचा हा पहिला नियम, असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. सहा वर्षं तो पाळलाही. पण त्या चार दिवसांत माझा फोन चालू होता. आवाज तेवढा बंद केला आणि पिशवीत तळाशी ठेवला. तुझ्या बढतीचा निकाल त्याच आठवड्यात लागणार होता ना? तू मेसेज करशील, तो लगेच वाचायचा होता. दादाचे एकतीस फोन मी पाहिलेच नाहीत. दिवसातून एकदा न्हाणीघरात जाऊन चोरून फक्त मेसेजमध्ये तुझं नाव शोधायचे. म्हणजे बघ, तू पाहिलंस ते खरं, पण पाहू दिलं मीच. मोठ्या बाईंना परवा हे सांगितलं. त्या उठून कामाला लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता विनवणी. चिठ्ठी सोबत जोडली आहे, तिच्यावर बटणवालीचा नंबर आहे. कधी काज-बटणाचं काम निघालं तर कळवा, म्हणून तिनेच लिहून दिला होता. मोठ्या बाईंनी चार ठिकाणी चौकशी केली, काही हाती लागलं नाही. बाहेर थंडी आहे. पोर पाच वर्षांची आहे. मला पत्ता नको, गल्ली नको. फक्त एवढं बघ की फोन चालू आहे का, कुठल्या बाजूला आहे. माझ्यासाठी एकदाच. कुणाला कळणार नाही.

तुझी आत्या

१ मार्च

ती. आत्या,

तुझी चिठ्ठी मी न उलगडता फाडली. तुकडे चहाच्या कपात भिजवले, म्हणजे पुन्हा जोडावेसे वाटू नयेत.

"एकदाच, कुणाला कळणार नाही." हेच शब्द मी जेवायच्या सुट्टीत स्वतःशी म्हटले होते, आत्या.

ती कुणापासून पळतेय ते मला माहीत नाही. मी पाहिलं तर त्याची नोंद राहते. ती नोंद उद्या कोण वाचेल हे मी सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलं तरी ते चारजणांच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं असतं. मोठ्या बाईंना सांग, त्यांनी पोलिसांत जावं, आणि तिथल्या कुणा बाई अधिकाऱ्याला समोर बसवून सगळं सांगावं. अर्ज आला तर मी जीव ओतून काम करेन. अर्जाशिवाय नाही.

तू मला लहानपणी शिवण शिकवायचीस तेव्हा म्हणायचीस, "उसवलेलं परत शिवता येतं गं, पण कापलं की कापलं." मी एकदा कापून बसलेय.

माझ्यावर रागव. पण लिहीत राहा.

मुंगी

६ मार्च

मुंगी,

रागावले आहे. पोस्टातून आलेलं तुझं उत्तर वाचून भांडं आपटलं, त्याला पोचा आला.

रोज बस स्थानकावर जाऊन बसते. लहान मुलगी दिसली की पायाकडे बघते.

मोठ्या बाई पोलिसांत गेल्या होत्या. तिथे एक बाई अधिकारी आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्याकडूनच कळलं की बटणवालीच्या नवऱ्यानेही तक्रार दिली आहे, बायको आणि मुलगी हरवली म्हणून. आता तो म्हणेल त्याच कागदावर त्या सापडणार. तुझा तो अर्ज आता त्याच्या सहीने येईल, बरं का. तेव्हा जीव ओत.

आत्या

२० मार्च

ती. आत्या,

शेवटचं वाक्य फार लागलं. ते लागावं म्हणूनच लिहिलं होतंस, आणि बरोबर लिहिलं होतंस. गेले दहा-बारा दिवस तेच डोक्यात घेऊन वावरले.

आधी माझं सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "जानेवारीत मी अर्जाशिवाय एक नंबर पाहिला. माझ्या आत्याचा."

साहेबांनी दार लावलं. "कुणी तक्रार केलीये?"

"नाही."

"मग कुणाला कळलंय?"

"मला कळलंय, साहेब."

त्यांनी कपाळावर हात मारला. माणूस वाईट नाही. वरून फोन आला की खुर्चीतून उठून बोलतो, एवढाच दोष. म्हणाले, "अगं, तू माझी सगळ्यात चांगली माणूस. आता चौकशी लावावी लागेल." म्हटलं, लावा.

चौकशी लागेपर्यंत मी खुर्चीवर होतेच. त्या दिवसांत एक अर्ज आला. कुणाचा, कुठला, कोण हरवलं, यातलं काही मी तुला सांगणार नाही, आणि तूही कधी विचारू नकोस. तक्रार देणारा घरचाच माणूस होता. पोलिसांची सही होती, शिक्का होता, जिवाला धोका असू शकतो असं लिहिलं होतं. आता काय करायचं? न पाहता ठेवला आणि खरंच कुणी थंडीत कुठे पडलेलं असलं तर? पाहून कळवलं आणि ते टिंब चुकीच्या माणसाच्या हाती गेलं तर? मला पहिल्यांदा कळलं की माझं काम दोन मिनिटांचं नाही.

अर्जाच्या खाली मोकळी जागा असते. मी पट्टी घेतली, रेघ आखली आणि माझ्या हाताने लिहिलं: "ही व्यक्ती सज्ञान आहे. ठिकाण फक्त महिला अधिकाऱ्याला कळवले जाईल. सापडल्यावर आधी तिला विचारावे, कुणाला सांगायचे. ती नको म्हणाली तर तक्रारदाराला 'सुखरूप आहे' एवढेच कळवावे."

साहेब म्हणाले, "फॉर्मवर अशी ओळ नाही."

"म्हणून तर आखली."

"पोलीस मान्य करणार नाहीत."

"फोन करून विचारते." केला. ठाण्यातल्या त्या बाई अधिकाऱ्याच फोनवर आल्या. मी ओळ वाचून दाखवली. म्हणाल्या, "मी हेच लिहून मागणार होते. पाठवा, फक्त माझ्या नावाने." मग मी पाहिलं, आणि त्यांना एकटीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तक्रारदाराने आमचा नंबर कुठून तरी मिळवला. वरच्या एका साहेबांची ओळख सांगून थेट माझ्या टेबलावर फोन. आवाज गोड होता. "मॅडम, सिम माझ्या नावावर आहे. बिल मी भरतो. माझीच वस्तू कुठे आहे ते विचारतोय."

मी म्हटलं, "सिम तुमचं असेल. ते जिच्या हातात आहे ती वस्तू नाही."

गोडवा संपला. तुमची नोकरी घालवतो म्हणाला. म्हटलं, "त्यासाठी रांग आहे. माझी चौकशी आधीच चालू आहे." शेजारची मुलगी फसकन हसली. मी फोन ठेवला. साहेबांना तो वरचा फोन आला. ते उठून उभे राहिले, सवयीप्रमाणे. पण बोलले काय, तर "कागदावर लिहिलंय तसंच होईल, सर."

काल चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघे. मी त्यांना हिरवं फाटक सांगितलं नाही, गावही नाही. एवढंच सांगितलं की मी प्रेमापोटी एक नंबर पाहिला आणि त्यामुळे पंधरा माणसांना एका संध्याकाळीत घर सोडावं लागलं. एक लहान मुलगी एका चपलेनिशी पळाली. "हे वाईट माणसाने केलं नाही, चांगल्या माणसाने केलं, म्हणून नियम घट्ट हवा," असं म्हटलं. तिघांपैकी एक वयस्क बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझी ती हाताने लिहिलेली ओळ दोनदा वाचायला लावली.

निकाल असा. शिफ्टची प्रमुख नाही. सहा महिने तातडीच्या कक्षातही नाही. उद्यापासून खाली, बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर. आणि ती ओळ पुढच्या छपाईपासून प्रत्येक अर्जावर, चौकटीत.

खिडकीवर बसायची लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. आई विचारत होती, बढती गेली हे लोकांना काय सांगायचं. म्हटलं, जे झालं ते सांग. बाबांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगावंस असं वाटतं. तुझं घर, तुझी माणसं. किती सांगायचं ते तूच ठरव.

तुझी,
मुंगी

२ एप्रिल

चि. मुंगी,

अनेक उत्तम आशीर्वाद. आज मनापासून.

सोमवारी मोठ्या बाईंनी मला नव्या जागी बोलावलं. (फोन घरीच होता, खरोखर बंद.) त्या बाई अधिकारी आल्या होत्या, साध्या कपड्यांत. त्या बटणवालीला भेटल्या आहेत. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवस लांबून पाहिलं म्हणे, मागे कुणी नाही ना याची खात्री केली, मग एकट्याच गेल्या आणि जमिनीवर तिच्या शेजारी बसल्या. पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही सापडला आहात हे कुणाला सांगू?"

ती म्हणाली, "मला असं कुणी विचारलं नव्हतं."

नवऱ्याला "सुखरूप आहेत, भेटायची इच्छा नाही" एवढं लेखी कळवलं. त्याने ठाण्यात आदळआपट केली. त्याच्यावरच आता वेगळा कागद तयार झालाय, ते पोलीस बघतील. आणि मला निरोप आहे. "शिवणाच्या बाईंना सांगा, छोटी बरी आहे. मी शर्टांच्या कारखान्यात लागले आहे. काज मशीनवर करतात, पण बटणं माझ्या हाताची घेतात."

मुंगे, जिभेच्या टोकावर आलं होतं, "कुठला कारखाना?" या भागात शर्टांचे कारखाने असून असून किती असणार? चार दिवस फिरले असते तर सापडली असती. गिळलं. साठ वर्षांत इतका मोठा घास गिळला नव्हता. बाई अधिकारी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "विचारलं नाहीत, बरं केलंत." मी म्हटलं, "आमच्या घरात एकीने शिकवलंय." त्या हसल्या. त्यांना कळलं असेल की नसेल, तू तुझं गुपित ठेव, मी माझं.

आता दादा. परवा त्याला बोलावलं, चहा दिला, यंत्रापाशी बसवलं आणि सांगितलं. पत्ता नाही, माणसं नाहीत, पण काय होतं ते सगळं. फाटक बडवताना आत काय झालं ते. तुझं खोटं आणि तुझं खरं. बढती, खिडकी, सगळं. मध्ये एकदा तो म्हणाला, "पण मी तर तुला न्यायला आलो होतो गं." मी म्हटलं, "हो रे. मला विचारायला नव्हतास आलास." चहा गार झाला. बाहेर जाऊन बराच वेळ जीपच्या टपाला टेकून उभा होता. परत आला तो पेचकस मागत. जानेवारीत तोडलेलं माझ्या दाराचं कुलूप, त्या जागी मी तारेने बांधलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. दादाला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. त्याला कडी बसवता येते.

म्हणून आम्ही दोघं लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार दादाचा जुना ओळखीचा. कडी शोधता शोधता म्हणाला, "अहो, तुमची मुलगी फोनवरून माणसं शोधते ना? आमचा मेहुणा भांडून गेलाय आठ दिवस, फोन उचलत नाही. जरा तिला सांगून बघता का? नंबर देतो. आपल्यातलंच काम आहे."

दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. दादाने हातातली कडी काउंटरवर ठेवली, खांदे मागे घेतले, आणि तुझ्या बारशालाही काढला नसेल अशा आवाजात सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"माझी मुलगी? अहो, ती सख्ख्या बापाला सांगत नाही!"

तुझी आत्या